अंशाआधी छेद: वैद्यकीय शोधनिबंधात संख्याशास्त्र कसे वापरावे

बेळगावात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी प्रबंधाची एक्सेल फाईल घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "सर, याला कुठली टेस्ट लावायची?" प्रश्न रास्त आहे, पण तो विचारण्याची वेळ चुकलेली असते. तोपर्यंत रुग्ण तपासून झालेले असतात, प्रबंध सादर करण्याची तारीख तोंडावर आलेली असते आणि जे निर्णय पहिला रुग्ण तपासण्याआधी घ्यायला हवे होते, ते आता फाईलमध्ये जे हाती लागेल त्यावरून घ्यावे लागतात. म्हणून मी उलट विचारतो, "तुझ्या छेदात, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या एकूण संख्येने भागतोस तिच्यात, कोण कोण आहे?" याचे सरळ उत्तर मिळाले तर कसोटी निवडायला दहा मिनिटे पुरतात, नाही मिळाले तर कोणतीही कसोटी लावून उपयोग होत नाही. पहिला शोधनिबंध लिहू पाहणारे डॉक्टर, परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदींतून काही लिहावे असे वाटणारे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. निबंध अखेर इंग्रजीत छापला जाणार असला, तरी त्यामागचा विचार आधी आपल्या भाषेत सुटा करून घेतला तर बरेच घोळ टळतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न एका वाक्यात बसवावा

कामाला सुरुवात करताना कागदावर एकच वाक्य लिहावे आणि त्यात चार गोष्टी आल्या आहेत की नाहीत ते पाहावे: कोणत्या लोकांत, कशाची कशाशी तुलना करून, कोणती गोष्ट, किती काळाने मोजणार. "खानापूर तालुक्यातील गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवलेल्या स्त्रिया आणि उशिरा नोंदवलेल्या स्त्रिया यांच्यात प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या तपासणीतील हिमोग्लोबिन किती ग्रॅमने वेगळे असते" हा प्रश्न झाला, आणि त्यातून पुढचे जवळजवळ सगळे ठरते. हिमोग्लोबिन ही मोजलेली राशी आहे, गट दोन आहेत, एका स्त्रीचे एकच वाचन घ्यायचे आहे. एवढे कळले की कसोटीचे नाव आपोआप पुढे येते.

मुख्य निष्पत्ती, म्हणजे अभ्यासाचा निकाल ज्या मोजणीवर ठरवायचा ती गोष्ट, एकच असावी आणि ती आधी जाहीर करावी. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची नोंदणी करणारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी ही नोंदणी सक्तीची केली. त्यामागचे एक कारण असे की, नोंदणीत मुख्य निष्पत्ती एक आणि छापील निबंधात भलतीच, असे घडले तर वाचकाला ते तपासता यावे. प्रबंधाला ही सक्ती लागू नसली तरी शिस्त तीच पाळावी. वीस वेगवेगळ्या गोष्टींची तुलना केली आणि खरे तर कशातच फरक नसला, तरी त्यांतल्या किमान एकीची तरी पी-व्हॅल्यू (तिचा अर्थ पुढे दिला आहे) ०.०५ या रूढ रेषेच्या खाली जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. वीस तुलनांतून लागलेली एक उचलून तिच्याभोवती निबंध रचणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणे आहे.

छेदात कोण आहे

सीमाभागात हा प्रश्न पुस्तकात वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत फक्त बेळगाव जिल्ह्यातले रुग्ण येत नाहीत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूंनी येतात, गोव्याहूनही येतात. उलट निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणी आणि कागवाडकडचा मिरजेला जातो. त्यामुळे "रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी इतके टक्के" हा आकडा जिल्ह्यातील रोगाचे प्रमाण म्हणून कधीही लिहू नये. रुग्णालयाचा छेद म्हणजे इथवर पोहोचलेले लोक, आणि कोण पोहोचतो हे आजाराच्या गांभीर्यावर, बसच्या मार्गावर आणि खिशावर ठरते. निबंधात "रुग्णालयातील रुग्णांमध्ये" हे दोन शब्द घालायला संकोचू नये.

दुसरी अडचण माहेरपणाची. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने खानापूर तालुक्यातील गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. तायी कार्डावरील (कर्नाटकात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या नोंदकार्डावरील) तारखांप्रमाणे प्रसूती होऊन गेल्या होत्या, पण रजिस्टरात बऱ्याच नावांपुढचा रकाना कोरा होता. तिने ती नावे फाईलमधून काढून टाकली आणि उरलेल्यांवर टक्केवारी काढली. तिला घेऊन आम्ही आशा कार्यकर्तीकडे गेलो. ती म्हणाली, "कोऱ्या म्हणजे काय मॅडम, पहिलटकरणी आहेत त्या. सातव्या महिन्यात माहेरी गेल्या. ही चंदगडला, ही जोयड्याला, ही हलशीला." म्हणजे वगळलेल्या बहुतेक स्त्रियांची पहिलीच खेप होती आणि उरलेला छेद दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांनी भरला होता. प्रसूतीतील गुंतागुंत पहिल्या खेपेला आणि पुढच्या खेपांना सारखी नसते, तेव्हा तिची टक्केवारी गणिताने बरोबर असूनही अर्थाने चुकीची होती. पुढे तिने माहेरचे फोन क्रमांक मिळवून निम्म्याहून अधिक जणींची माहिती मिळवली आणि जी मिळाली नाही तिचा हिशेब निबंधात दिला.

हा हिशेब कसा द्यावा याला आता ठरलेली रीत आहे. यादृच्छिक चाचण्यांसाठी, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीने ठरवणाऱ्या चाचण्यांसाठी, १९९६ सालापासून कन्सॉर्ट ही मार्गदर्शिका आहे आणि निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ पासून स्ट्रोब. दोन्हींचा गाभा असा की किती जण पात्र होते, किती जणांनी नकार दिला, किती जण मध्येच सुटले आणि प्रत्येक तक्त्यात नेमके किती जण आहेत हे वाचकाला सलग दिसले पाहिजे. सुटलेल्यांची कारणे लिहावीत आणि सुटलेले व राहिलेले यांचे वय, खेप, गाव यांची तुलना एका छोट्या तक्त्यात द्यावी. "माहिती अपूर्ण असल्याने वगळले" एवढेच लिहिणारा निबंध मी तरी संशयाने वाचतो.

छेदाची आणखी एक गफलत अस्थिरोग आणि नेत्ररोग विभागांत फार आढळते. चाळीस रुग्णांचे ऐंशी गुडघे किंवा ऐंशी डोळे तपासून ऐंशी स्वतंत्र निरीक्षणे असल्यासारखी कसोटी लावली जाते. एकाच माणसाचे दोन गुडघे एकमेकांसारखेच असणार. ते दोन साक्षीदार नव्हेत. एक तर प्रत्येकाचा एकच गुडघा घ्यावा, नाही तर ही जोडी विचारात घेणारी पद्धत वापरावी. एकाच गावातील तीस घरे घेतली तरी हाच प्रकार असतो.

नमुना किती

आपल्या प्रबंधांत सर्वत्र दिसणारे सूत्र म्हणजे चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून ती वजा केल्यावर उरणारी आणि एल म्हणजे चालणारी चूक. सूत्र सोपे आहे, घोटाळा एलमध्ये होतो. समजा अपेक्षित प्रमाण ३० टक्के आहे. एल पाच टक्के-अंक धरला, म्हणजे २५ ते ३५ हे अंतर चालेल असे म्हटले, तर ८,४०० भागिले २५, म्हणजे ३३६ जण लागतात. एल "दहा टक्के" म्हणताना तीसचे दहा टक्के अभिप्रेत असेल तर एल ३ होतो आणि ९३३ हून थोडे अधिक, म्हणजे ९३४ जण लागतात. तीसचे वीस टक्के धरले तर एल ६ आणि लागणारे जण २३४. तिन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र कोणता एल धरला हे न सांगता "सूत्रानुसार नमुना २३४" असे लिहिले तर वाचकाला सोयीची माघार दिसते, आणि पुष्कळदा ती तशीच असते. दहा टक्के लोक सुटतील असे धरायचे असेल तर ३३६ मध्ये दहा टक्के मिळवू नयेत. ३३६ ला ०.९ ने भागावे, उत्तर ३७४ येते.

हे सूत्र एका गटातील टक्केवारी मोजण्यापुरते आहे. दोन गटांची तुलना करायची असेल तर किती फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे हे आधी ठरवावे लागते, आणि ते संख्याशास्त्रज्ञाने नव्हे, डॉक्टरने ठरवायचे असते. मला येऊन कोणी "सॅम्पल साइज काढून द्या" म्हणाले की मी तोच प्रश्न परत करतो: किती फरक पडला तर तुम्ही उद्यापासून औषध बदलाल?

फाईल स्वच्छ करणे

याबद्दल कोणी लिहीत नाही, पण निम्मा वेळ इथे जातो. शहराचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बदलले, तरी फाईलच्या एकाच रकान्यात बेळगाव, बेळगावी, बेलगाम आणि शेवटी एक मोकळी जागा असलेले आणखी एक बेळगाव असे चार प्रकार मी पाहिले आहेत, आणि संगणक त्यांना चार वेगळी शहरे मानतो. अर्ज कन्नडमध्ये, बोलणे मराठीत आणि नोंद इंग्रजीत असल्याने यल्लाप्पा नावाचा एकच माणूस दोन वर्णाक्षरांच्या फरकाने दोनदा छेदात जातो. म्हणून नावावर विसंबू नये, प्रत्येकाला क्रमांक द्यावा. गाव, लिंग, निदान यांना सांकेतिक आकडे द्यावेत आणि त्यांची किल्ली वेगळ्या पानावर ठेवावी. कोरा रकाना आणि शून्य यांत फरक ठेवावा: विडी ओढत नाही आणि विचारलेच नाही, या दोन गोष्टी निपाणीच्या तंबाखू कामगारांच्या अभ्यासात तर मुळीच एक नव्हेत.

नंतर प्रत्येक रकान्याचा साधा आलेख काढून नुसता डोळ्यांनी पाहावा. वयाच्या रकान्यात ५०, ५५, ६० आणि ६५ इथे उंच मनोरे दिसले तर लोकांनी अंदाजे वय सांगितले आहे, आणि रक्तदाबाची बहुतेक वाचने शून्यावर संपत असतील तर मोजणाऱ्याने ती जवळच्या दहाच्या आकड्यावर नेलेली आहेत. अशा वयावरून एकेक वर्षाचा परिणाम काढू नये.

सरासरी कधी, मध्यक कधी

समजा दहा रुग्ण रुग्णालयात २, २, ३, ३, ३, ४, ४, ५, ६ आणि २८ दिवस राहिले. सरासरी येते सहा दिवस. पण दहांतले आठ जण सहा दिवसांच्या आतच घरी गेले. एकाच्या अठ्ठावीस दिवसांनी ती वर ओढली आहे. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, साडेतीन येतो आणि वॉर्डात प्रत्यक्ष काय घडले ते तोच सांगतो. या आकड्यांचे प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) सुमारे ७.८ आहे, म्हणजे सरासरीतून ते वजा केले तर रुग्ण उणे दोन दिवस राहिला असे निघते. जी राशी शून्याखाली जाऊच शकत नाही तिचे प्रमाण विचलन सरासरीएवढे किंवा तिच्याहून मोठे दिसले, की आकडे एका बाजूला कलंडले आहेत असे समजावे आणि मध्यक व चतुर्थके (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार समान भाग करणाऱ्या सीमा) द्यावीत.

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे विचलन भागिले संख्येचे वर्गमूळ) यांची अदलाबदल ही जुनी खोड आहे. शंभर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण विचलन १.६ असेल तर प्रमाण त्रुटी ०.१६ येते, आणि छोटा आकडा तक्त्यात देखणा दिसतो म्हणून तोच दिला जातो. स्त्री-स्त्रीमध्ये किती फरक आहे हे सांगायचे असेल तर विचलनच द्यावे. सरासरी किती अचूक कळली आहे हे सांगायचे असेल तर त्रुटीऐवजी सरळ ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे विश्वास-अंतराल (नमुन्यावरून काढलेला, खऱ्या आकड्याच्या अंदाजाचा पट्टा) द्यावा.

सरासरीलाच सीमारेषा मानण्याबद्दल एक आठवण करून देतो. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी कुपोषणाच्या मोजणीबाबत हाच आक्षेप घेतला होता. निरोगी माणसांची उष्मांकांची सरासरी गरज हीच सीमा धरली, तर तिच्याखालचे कितीतरी निरोगी लोकही कुपोषित ठरतात, म्हणून सीमा सरासरीखाली दोन प्रमाण विचलनांवर असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पोषणविषयक निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, तरी कट-ऑफ कुठून आला हे विचारण्याची सवय त्यांच्याकडून घ्यावी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील रक्तक्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेची डेसिलिटरमागे ११ ग्रॅमची सीमा वापरली असेल तर तसे लिहावे. स्वतःच्या नमुन्याची सरासरी काढून तिच्याखालच्या स्त्रियांना रक्तक्षयी म्हणू नये.

कसोटी निवडणे

आता तो पहिला प्रश्न. मोजलेली राशी आणि दोन स्वतंत्र गट असतील तर टी-टेस्ट. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने ती १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली, आणि छोट्या नमुन्यांसाठीच ती जन्माला आली आहे. गट तीन किंवा अधिक असतील तर अनोव्हा. आकडे फार कलंडलेले असतील किंवा वेदनेची पायरी, रोगाची श्रेणी असे क्रम असतील तर मान-व्हिटनी. होय-नाही अशा गोष्टींसाठी कार्ल पिअर्सनची काय-स्क्वेअर, आणि तक्त्याच्या एखाद्या घरातील अपेक्षित संख्या पाचच्या खाली असेल तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट; इथे प्रत्यक्ष नव्हे, अपेक्षित संख्या पाहायची असते, हे तोंडी परीक्षेतही बरेच जण चुकतात. त्याच रुग्णाची औषधाआधी आणि औषधानंतर तपासणी केली असेल तर जोडीची कसोटी लागते: राशीसाठी पेअर्ड टी आणि होय-नाहीसाठी मॅकनेमार.

दोन यंत्रे किंवा दोन डॉक्टर सारखेच मोजतात का हे पाहायचे असेल तर सहसंबंध गुणक काढू नये. एक यंत्र नेहमी दहा अंक जास्त दाखवत असले तरी सहसंबंध अगदी एकापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सुचवलेला, दोन वाचनांतील फरकाचा आलेख काढावा. काही रुग्ण अभ्यास संपण्याआधीच सुटले आणि प्रश्न "किती दिवसांनी" असा असेल, तर कापलान-मायर आणि कॉक्स यांच्या पद्धती वापराव्यात; या टप्प्यावर मात्र जाणकाराला सोबत घ्यावे हे बरे.

लॉजिस्टिक रिग्रेशन या होय-नाही निष्पत्तीसाठीच्या पद्धतीतून येणाऱ्या ऑड्स रेशोचा (त्रास झालेले भागिले न झालेले, या दोन गटांतील आकड्यांच्या गुणोत्तराचा) अर्थ "इतक्या पट धोका" असा सरसकट लावू नये. एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के जणांना त्रास झाला तर धोका दीडपट आहे, पण ऑड्स रेशो २.२५ येतो. घटना दुर्मीळ असेल तेव्हाच हे दोन आकडे जवळ येतात.

याच जिल्ह्यातील एक चाचणी वाचून पाहू

उदाहरण दूरचे घ्यायची गरज नाही. बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण भागात २००२ ते २००५ या काळात प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाची एक यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचा निबंध २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांपैकी ८१२ जणींना प्रसूतीनंतर लगेच ६०० मायक्रोग्रॅम औषध आणि ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळ्या, सहायक परिचारिकांनी म्हणजे आपल्या नर्सबाईंनी दिल्या. पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर प्रसूतीपश्चात रक्तस्राव, अशी निष्पत्ती ठरवलेली होती.

रक्त मोजले कसे, हे आधी पाहावे. बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकची मापे आखलेली थैली लावून ते गोळा केले गेले. इथेच झालेल्या दुसऱ्या एका तुलनेत नजरेचा अंदाज या थैलीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी येतो असे दिसले होते. मोजणी नजरेने झाली असती, तर पाचशेच्या वर गेलेल्या कितीतरी स्त्रिया पाचशेच्या खाली नोंदल्या गेल्या असत्या आणि पुढची कोणतीही कसोटी ते दुरुस्त करू शकली नसती.

आता आकडे. औषधाच्या गटात ६.४ टक्के आणि प्लासिबोच्या गटात १२.० टक्के स्त्रियांना रक्तस्राव झाला. ६.४ ला १२ ने भागले की सापेक्ष जोखीम ०.५३ येते, म्हणजे धोका जवळजवळ निम्म्यावर आला. वजाबाकी केली की ५.६ येते, म्हणजे शंभर स्त्रियांमागे साडेपाच रक्तस्राव टळले; आणि शंभरला ५.६ ने भागले की सुमारे १८ येतात, म्हणजे अठरा जणींना औषध दिले की एकीचा रक्तस्राव टळतो. एकाच निकालाची ही तीन रूपे आहेत आणि निबंधात तिन्ही द्यावीत, कारण तालुका आरोग्य अधिकाऱ्याला गोळ्यांची मागणी नोंदवताना तिसरेच उपयोगी पडते. सापेक्ष जोखमीचा विश्वास-अंतराल ०.३९ ते ०.७४ होता: औषधाचा फायदा सर्वांत कमी धरला तरी धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो.

त्याच निबंधात हजार मिलिलिटरच्या तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण ०.२ विरुद्ध १.२ टक्के दिले आहे. सापेक्ष जोखीम ०.२०, वाचायला आणखी जोरदार. पण अंशात पाहावे: ८१२ चे ०.२ टक्के म्हणजे दोन स्त्रिया आणि ८०८ चे १.२ टक्के म्हणजे दहा. इतक्या थोड्या घटनांमुळे अंतराल ०.०४ पासून ०.९१ पर्यंत पसरला आहे, म्हणजे धोका जवळजवळ नाहीसा झाला असेल किंवा नाममात्र घटला असेल, दोन्हींना जागा आहे. फायद्यासोबत औषधाच्या गटात थंडी वाजणे आणि ताप येणे अधिक आढळले, हेही तिथे लपवलेले नाही.

याच्या शेजारी अॅस्पिरिनची चाचणी ठेवून पाहावी. बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांतील जवळजवळ बारा हजार पहिलटकरणींवरील ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती अॅस्पिरिनच्या गटात ११.६ आणि प्लासिबोच्या गटात १३.१ टक्के होत्या. "धोका ११ टक्क्यांनी घटला" हे वाक्य आणि "शंभरांत दीड प्रसूती टळल्या" हे वाक्य दोन्ही खरी आहेत; वर्तमानपत्राला पहिले आवडते, परंतु निबंधात दुसऱ्याशिवाय पहिले लिहू नये.

पी-व्हॅल्यूविषयी

इथला पी (नमुन्याच्या सूत्रातला नव्हे) म्हणजे खरोखर काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. औषध गुणकारी असण्याची ती शक्यता नव्हे आणि फरक किती मोठा आहे याचेही ते माप नव्हे. रोनाल्ड फिशरने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ०.०५ ही सोयीची रेषा सुचवली आणि पुढे ती जणू दगडात कोरली गेली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये अधिकृत निवेदन काढून सांगावे लागले, की पी एखाद्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढ्यावर शास्त्रीय निष्कर्ष काढू नये. म्हणून ०.०४९ ला "सार्थ" आणि ०.०५१ ला "निरर्थक" म्हणण्याऐवजी फरक, त्याचा अंतराल आणि पीचा नेमका आकडा लिहावा. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर ०.००० असे दाखवते तिथे ०.००१ हून कमी असे लिहावे, कारण शक्यता शून्य कधीच नसते. पी मोठा आला तर "फरक नाही असे सिद्ध झाले" असेही लिहू नये. वीस-वीस रुग्णांच्या दोन गटांत फरक दिसला नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तो दिसण्याइतके रुग्ण नव्हते.

यादृच्छिक चाचणीच्या पहिल्या तक्त्यात, जिथे दोन्ही गटांचे वय, वजन, खेप दिलेले असते, तिथे पीचा रकाना नसावा. वाटणी चिठ्ठीने झाली असेल तर तिथला फरक योगायोगाचाच असणार हे आधीच माहीत आहे. परीक्षक मात्र तो रकाना मागतात. अशा वेळी प्रबंधात घालावा आणि निबंधातून काढावा, एवढी व्यवहारी तडजोड मी करतो.

पद्धतींचा परिच्छेद लिहिणे

"माहितीचे विश्लेषण एसपीएसएसमध्ये केले. पी ०.०५ हून कमी असल्यास सार्थ मानले." असा परिच्छेद असंख्य निबंधांत आहे आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: "शेवटच्या तपासणीतील हिमोग्लोबिन ही मुख्य निष्पत्ती होती. लवकर आणि उशिरा नोंदणी झालेल्या गटांच्या सरासरींतील फरक ९५ टक्के विश्वास-अंतरालासह दिला असून तुलना दोन स्वतंत्र गटांच्या टी-टेस्टने केली. वय, खेप आणि लोहाच्या गोळ्यांचे प्रमाण यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी रेषीय रिग्रेशन वापरले. हे तीन चल विश्लेषणापूर्वी ठरवले होते. ज्यांचे शेवटचे हिमोग्लोबिन मिळाले नाही त्यांना मुख्य विश्लेषणातून वगळले, आणि त्यांची वैशिष्ट्ये दुसऱ्या तक्त्यात दिली आहेत." दुसऱ्या कोणाच्या हाती तीच फाईल दिली आणि त्याने हा परिच्छेद वाचून तेच आकडे काढले, तर परिच्छेद जमला असे समजावे, मी हे विद्यार्थ्यांना वर्गमित्राकडून प्रत्यक्ष करून घ्यायला लावतो आणि पहिल्या फेरीत आकडे क्वचितच जुळतात.

तक्ते लिहिताना टक्केवारीसोबत मूळ संख्या द्यावी. तेवीस रुग्णांपैकी दहांना ४३.४७८ टक्के म्हणण्यात अचूकता नाही, २३ पैकी १० म्हणजे ४३ टक्के एवढे पुरे. वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवावी. पैसे नसतील तर आर किंवा एपी इन्फो ही मोफत साधने पुरेशी आहेत आणि चोरीच्या प्रतीपेक्षा केव्हाही बरी. मूळ फाईलला हात न लावता तिची प्रत करून काम करावे आणि कोणती दुरुस्ती कोणत्या तारखेला का केली याची एक वही ठेवावी. निबंध पाठवल्यावर सहा-आठ महिन्यांनी परीक्षण करणाऱ्याचे पत्र येते: तिसऱ्या तक्त्यात १८७ आणि दुसऱ्यात १९१ का? तोपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागलेला असतो, आणि ते चार जण कुठे गेले याचे उत्तर त्या वहीतच सापडते.